आधी कल्चर, मग इंजेक्शन

पावसाळ्यात उरण तालुक्यात कुणाला हुडहुडी भरून ताप आला की डॉक्टरच्या मनात पहिली नावं येतात ती मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आणि टायफॉइडची. ती यायलाच हवीत. भातखाचरं आणि खाजणांच्या या पट्ट्यात ते ताप काही पाहुणे नाहीत. अडचण सुरू होते ती तापलेला माणूस महिनोन्‌महिने सोरायसिसने किंवा इसबाने हैराण असतो तेव्हा. अंगाचा बराचसा भाग लाल होऊन सोलवटलेला असतो, आणि तरीही केसपेपरवर ‘ताप, तीन दिवस’ एवढंच लिहिलं जातं. कातडीचं दुखणं जुनं, ओळखीचं, अंगावर काढायचं. ताप नवा, म्हणून उपचार तापाचे. या दोहोंचा काही संबंध असेल, ती फुटलेली कातडीच जंतूंना रक्तात शिरायची वाट देत असेल, ही शंका पहिल्या तपासणीत सहज मागे पडते. माझं म्हणणं इतकंच आहे की ज्याच्या कातडीचा मोठा भाग दाहाने पेटलेला आणि उघडा पडलेला आहे, अशा रुग्णाला ताप आला, तर अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी त्याचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, घेतलं गेलं पाहिजे. आणि ही सोय मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात असून भागणार नाही, ती न्हावा शेवा–उरणच्या पहिल्या पायरीवर हवी.

‘कातडीच्या रोगाने कोणी दगावत नाही’ ही समजूत लोकांत आहे, आणि वैद्यकातही ती थोडीफार मुरलेली आहे. बहुतेक आजारांबाबत ती खरीसुद्धा आहे. गजकर्ण, खरूज, कोपरावरचा सोरायसिसचा चट्टा यांनी कुणाचा जीव जात नाही. पण मोठ्या माणसाच्या अंगावर दीड ते दोन चौरस मीटर कातडी असते, आणि तिचा ९० टक्क्यांहून अधिक भाग लाल होऊन सोलायला लागला की त्या अवस्थेला एरिथ्रोडर्मा म्हणतात. तो एकच एक रोग नाही. सोरायसिस, इसब, एखाद्या औषधाची रिअ‍ॅक्शन, क्वचित कातडीचा लिम्फोमा, अशा अनेक वाटांनी माणूस तिथे पोचतो. सकाळी चादर झटकली की मूठभर पापुद्रे पडतात, आणि त्या पापुद्र्यांबरोबर शरीरातलं प्रथिन रोज बाहेर चाललेलं असतं. पाय सुजतात. कातडीतल्या रक्तवाहिन्या सताड उघड्या राहिल्याने अंगातली उष्णता निघून जाते आणि भर उकाड्यात माणूस गोधडी मागतो. एवढं रक्त कातडीत खेळवताना हृदयाची दमछाक होते ती वेगळीच. विजापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले अरुण इनामदार आणि अपर्णा पालित यांनी २००५ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात ‘अ‍ॅक्यूट स्किन फेल्युअर’ या कल्पनेचा सविस्तर आढावा घेतला होता. किडनी फेल झाली, लिव्हर फेल झालं हे आपल्याकडे घरोघरी बोललं जातं. कातडीही फेल होते, हे मात्र इतक्या वर्षांनंतरही तालुक्याच्या पातळीवर कुणाच्या तोंडी आलेलं नाही.

या निकामी कातडीवर सगळ्यांत आधी बस्तान बसवतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. धडधाकट माणसांपैकीही साधारण चौथ्या हिश्श्याच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो. लहानपणापासूनचं चिवट इसब, म्हणजे अ‍ॅटोपिक डर्मेटायटिस असलेल्यांच्या चट्ट्यांवर मात्र तो सुमारे ७० टक्के रुग्णांत सापडतो, असं २०१६ मध्ये जगभरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं तेव्हा दिसून आलं. निरोगी कातडी स्वतःच जंतुनाशक रेणू तयार करत असते. इसबाच्या कातडीत ते कमी पडतात आणि सोरायसिसच्या कातडीत उलट भरपूर असतात, हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या २००२ च्या एका शोधनिबंधाने दाखवलं. इसब वरचेवर चिघळतं आणि सोरायसिसचा चट्टा सहसा पिकत नाही, यामागचं एक कारण हे. म्हणजे सगळी लाल कातडी सारखी धोक्याची नाही, आणि हा फरक लपवून सरसकट भीती घालण्यात अर्थ नाही. पण सोरायसिस अंगभर पसरून एरिथ्रोडर्मापर्यंत गेला की ते संरक्षणही पुरत नाही. अशा रुग्णांच्या रक्तात हाच जंतू सापडल्याच्या नोंदी किमान १९९६ पासून वैद्यकीय साहित्यात आहेत. अंगभर फोड येऊन फुटणाऱ्या पेम्फिगसची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. स्टिरॉइड येण्यापूर्वी तो बहुतेकांचा जीव घेई. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात डेक्सामेथासोन–सायक्लोफॉस्फामाइडची पल्स पद्धत रूढ केली, त्यानंतर भारतातले असंख्य रुग्ण त्यातून सुखरूप बाहेर आले. आज या रोगात जे मरतात त्यांच्या मृत्यूचं एक प्रमुख कारण फोड हे नसतं, जंतुसंसर्ग असतो. आणि स्टॅफ एकदा रक्तात उतरला की तो हृदयाच्या झडपेवर, मणक्यात, सांध्यात ठाण मांडू शकतो. सगळ्या सोयी असलेल्या देशांतही या रक्तसंसर्गाचे साधारण पाचातला एक ते चारातला एक रुग्ण दगावतात.

आता खरा पेच. अंग लाल असलेल्या माणसाला रक्तात जंतू नसतानाही थंडी वाजते, नाडी धावते, पांढऱ्या पेशी वाढतात, रक्तातला दाहाचा निर्देशक असलेला सीआरपी चढतो. अंगभर पू भरलेल्या बारीक पुळ्या येणाऱ्या पस्ट्युलर सोरायसिसमध्ये तर सणसणीत ताप असतो आणि त्या पुळ्यांत जंतूचा मागमूस नसतो. तो पू म्हणजे नुसत्या पांढऱ्या पेशी. उलट बाजूने, जो रुग्ण महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या खातो आहे, त्याच्या रक्तात जंतू वाढत असतानाही ताप चढेलच असं नाही. स्टिरॉइड ताप झाकून टाकतं. म्हणजे ताप आहे तरी संसर्ग नसेल, आणि ताप नाही तरी संसर्ग असेल. कितीही मुरलेला डॉक्टर असो, अशा वेळी नुसतं बघून, नाडीला हात लावून, सीबीसीचा कागद वाचून छातीठोक सांगू शकणार नाही. एखादी तपासणी ‘असली तर बरी’ असते, एखादी तिच्यावाचून पुढचं पाऊलच टाकता येत नाही अशी असते. इथे ब्लड कल्चर दुसऱ्या प्रकारात मोडतं. बाकी सगळी लक्षणं दोन्ही बाजूंनी साक्ष देतात. नेमकं उत्तर द्यायची शक्यता या एकाच तपासणीत आहे.

ही तपासणी दिसते तितकी अवघड नाही, पण हलगर्जीपणा तिला खपत नाही. एका वेळी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घ्यायचं, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर. दोन मिलिलिटर घेऊन समाधान मानलं तर जंतू असूनही हाती लागत नाही. जिथे सुई टोचायची ती जागा शक्यतो न बिघडलेल्या कातडीची निवडायची, ती क्लोरहेक्सिडिनने पुसायची आणि वाळू द्यायची. घाईत ओल्या कातडीतच सुई खुपसली तर पुसल्याचा उपयोग शून्य. मग बाटली फ्रिजमध्ये न ठेवता लवकरात लवकर यंत्रापर्यंत पोचवायची. रक्ताचे बाकीचे नमुने थंड ठेवायची सवय असलेला कर्मचारी ही बाटलीही भाबडेपणाने फ्रिजमध्ये ठेवून देतो. आणि मुख्य म्हणजे हे सगळं अँटिबायोटिक देण्यापूर्वी. एकदा औषध रक्तात गेलं की बाटलीत काही उगवायची शक्यता झपाट्याने घटते, आणि पुढे मोठ्या रुग्णालयात कितीही कल्चर केली तरी ‘वाढ नाही’ हेच उत्तर येत राहतं. आपल्याकडे घडतं ते नेमकं असं. पहिल्या दवाखान्यात एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या. त्या गोळ्या बहुधा सेफिक्सिम किंवा अझिथ्रोमायसिनच्या, म्हणजे रक्तातल्या स्टॅफपुढे लंगड्या. शिवाय आयसीएमआरच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत अलीकडे सापडलेल्या स्टॅफ ऑरियसपैकी ४० टक्क्यांहून अधिक एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारे निघाले आहेत. उपचार अर्धवट होतो, पण पुरावा मात्र पुसला जातो. रुग्णाला सर्वांत महाग पडतं ते हे पहिलं, स्वस्तातलं इंजेक्शन.

‘एवढ्यासाठी मुंबई आहे की!’ हा पहिला आक्षेप. शिवडीहून न्हावा शेव्याला येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही धावू लागली आणि न्हावा शेवा नावाचं स्टेशन नकाशावर आलं. अंतर कमी झालं हे खरंच. पण सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी आहे, मोटारीला एका खेपेचा २५० रुपये टोल आहे, आणि जेएनपीए बंदराच्या परिसरात कंत्राटावर राबणारा हमाल किंवा ट्रेलरचा क्लीनर थंडी वाजत असताना टॅक्सी करून परळला जात नाही. तो जातो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, आणि तिथे त्याला इंजेक्शन मिळतं. पुलाने रस्ता आखूड झाला तरी पहिला निर्णय अजून गावातच होतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो पहिला निर्णयच पुढच्या सगळ्या तपासण्या निकामी करू शकतो. १०८ची रुग्णवाहिका बोलावली तरी हीच गोष्ट खरी: गाडीत बसण्यापूर्वी कल्चर झालं असेल तर मुंबईचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी उत्तर हातात घेऊन उपचार करेल, नसेल तर अंदाजाने. मी मुंबईला पाठवू नका म्हणत नाही. ज्याच्या अंगाची कातडी निघून आली आहे त्याला मोठ्या केंद्रातच हलवायला हवं, आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारखी भाजलेल्या रुग्णांसाठीची केंद्रं त्यासाठी वापरता यायला हवीत. उघड्या कातडीची निगा म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. फक्त तिकडे जाताना रुग्णाबरोबर दोन बाटल्याही गेल्या पाहिजेत.

त्या बाटल्या न्यायच्या कुठे, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा हिमोग्लोबिन, मलेरियाची काच, थुंकी अशा तपासण्यांसाठीच उभी केलेली असते. तिथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बसवा, ही मागणी करून उपयोग नाही. पण कल्चर वाढवणारं यंत्र गावात असावं लागत नाही, बाटली भरणारा हात गावात असावा लागतो. कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे, नेरुळला आहे, अलिबागला सरकारी आहे. करंजाच्या धक्क्यावरून पलीकडचं रेवस नजरेला दिसतं, पण रस्त्याने अलिबाग गाठायचं तर पेण-वडखळचा वळसा. त्यापेक्षा कामोठं सोयीचं, करळ फाट्यावर ट्रेलरची रांग लागलेली असली तरीही. सरकारी दवाखान्यांतून रक्ताचे नमुने उचलून प्रयोगशाळेत नेणारी ‘महालॅब’ची साखळी एचएलएल लाइफकेअरमार्फत २०१७ पासून राज्यात चालू आहे. त्या साखळीला या बाटल्यांची जोड द्यायला नवं खातं काढावं लागत नाही. अडचण एवढीच की ती गाडी ठरलेल्या वेळी येते आणि ताप ठरलेल्या वेळी येत नाही. रात्री आठला भरलेली बाटली सकाळपर्यंत खोलीच्या तापमानाला पडून राहिली तर निदानाची संधी थोडी घटते, पण ती न भरण्यापेक्षा कितीतरी बरी.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. असे रुग्ण तालुक्यात असतील किती? थोडेच. कोपरावर चट्टा असलेल्या शंभरांपैकी एरिथ्रोडर्मापर्यंत जाणारे मोजकेच असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या रक्तात जंतू उतरत नाही. मग त्यांच्यासाठी यंत्रणा का राबवायची? याचं उत्तर आक्षेपातच आहे. रुग्ण थोडे, म्हणूनच खर्चही थोडा. प्रत्येक तापाला कल्चर करा असं कुणी म्हणालं असतं तर उरणची व्यवस्था आठवड्यात कोलमडली असती. अंगाचा मोठा भाग उघडा पडलेला आणि त्यात ताप, थंडी, गुंगी किंवा अचानक उतरलेला रक्तदाब, एवढी अरुंद चाळणी लावली तर वर्षाकाठी लागणाऱ्या बाटल्या एका खोक्यात मावतील. आयसीयूतल्या एका दिवसाच्या बिलापुढे त्यांची किंमत किरकोळ आहे. शिवाय त्या फक्त कातडीच्या रुग्णांसाठी पडून राहणार नाहीत. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या अंदाजानुसार २०१७ मध्ये जगात सेप्सिसचे सुमारे ४.८९ कोटी रुग्ण झाले आणि १.१ कोटी मृत्यू. त्या मृत्यूंपैकी २९ लाखांच्या आसपास भारतात. बाळंतिणीचा ताप, मधुमेह्याच्या पायाची जखम, आणि उबदार खाऱ्या पाण्यात दिवसभर काम करणाऱ्याच्या हाताला झालेला, एका रात्रीत काळानिळा पडणारा व्रण, या सगळ्यांना तीच बाटली लागते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो सूक्ष्मजीवशास्त्र जाणणाऱ्यांकडून येतो. ज्याच्या कातडीवरच जंतूंची वस्ती आहे, त्याच्या रक्ताच्या नमुन्यात कातडीवरचे जंतू मिसळणारच. मग खोट्या निकालावरून चौदा दिवस शिरेतून औषधं सुरू होतील, हे तुम्हाला हवं आहे का? हा धोका काल्पनिक नाही. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे कातडीवरचे निरुपद्रवी रहिवासी कल्चरमध्ये वारंवार डोकावतात आणि डॉक्टरांना चकवतात. म्हणूनच तर दोन जागांहून दोन संच घ्यायचे असतात: दोन्हींत तोच जंतू उगवला तर तो रक्तातला, एकातच आला आणि तोही एपिडर्मिडिस असला तर बहुधा कातडीवरचा. स्टॅफ ऑरियसचं मात्र वेगळं. तो एका बाटलीत जरी आला तरी त्याला ‘चुकून आला असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही, यावर जगभरच्या संसर्गतज्ज्ञांचं एकमत आहे. पुन्हा कल्चर, हृदयाचा इको आणि रक्त स्वच्छ झाल्यापासून किमान दोन आठवडे शिरेतून औषध, हा त्याचा क्रम ठरलेला आहे. खोट्या निकालाच्या भीतीने कल्चरच न करण्याचा परिणाम अँटिबायोटिक वाचण्यात होत नाही. उलट अंदाजपंचे अँटिबायोटिक सुरू राहतं, ते कधी थांबवायचं हे कळत नाही, आणि ज्याला त्याची गरजच नव्हती तो पस्ट्युलर सोरायसिसचा रुग्ण आठवडाभर भलत्याच औषधांवर काढतो. दोन्ही बाटल्या कोऱ्या आल्या तर औषध बंद करायचा धीर डॉक्टरला मिळतो. अँटिबायोटिकच्या अतिवापराची ज्यांना काळजी आहे, त्यांनी तर ही मागणी आधी करायला हवी.

मग उरतो तो रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या मनातला आक्षेप, आणि खरं सांगायचं तर सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. ‘हा संसर्ग रोगामुळे नाही, त्या जालीम औषधांमुळे होतो. गोळ्या बंद करा, अंग आपोआप साफ होईल.’ यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो इतका चिवट आहे. मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, जास्त मात्रेतलं स्टिरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत. टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या रेणूला अडवणाऱ्या बायॉलॉजिक इंजेक्शनांनी सुप्त क्षयरोग डोकं वर काढू शकतो, आणि आपल्या देशात ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी केल्यावाचून गत्यंतर नाही. पण सगळी औषधं एकाच माळेचे मणी नाहीत. इसबासाठी २०१७ पासून वापरात आलेल्या डुपिलुमॅबच्या चाचण्यांत कातडीचे संसर्ग औषध घेणाऱ्यांत कमी झाले, वाढले नाहीत. कातडी बरी झाली की तिच्यावरची स्टॅफची वस्तीही ओसरते. म्हणजे पेटलेली, उघडी कातडी तशीच ठेवणं हाच अनेकदा संसर्गाचा मोठा धोका असतो, आणि तो धोका ‘नैसर्गिक’ असल्याने कुणाला दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे एका दिवसात औषध सोडणं. सोरायसिसच्या रुग्णाने स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतली आणि अचानक थांबवली की रोग दुप्पट जोराने उसळतो, कधी अंगभर लाली होऊन, कधी पुळ्या होऊन. कातडीच्या रोगावर झटपट उतारा म्हणून सोरायसिसला स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचणारा इसम त्या रुग्णाला एरिथ्रोडर्माच्या उंबरठ्यावर आणून सोडत असतो. स्टिरॉइड मलमांचा विषयही इथेच येतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही बुरशी, जंतू आणि खाज या तिन्हींवर एकदम गुणकारी म्हणून विकली जाणारी मिश्र मलमं मेडिकलच्या काउंटरवरून अजून सहज हाती पडतात. गजकर्णाला लावलेलं ते मलम सोरायसिसलाही लावलं जातं, नंतर संपतं, आणि मग रोग उसळतो.

सरकारला कातडी तपासता येत नाही असं नाही. पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचं काम १९५१ पासून चाललं आहे, आणि राज्यभर आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन चट्टा आहे का, तो बधिर आहे का, हे विचारतात. सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत अंगावरून नजर फिरवायची पद्धत कुष्ठरोगाच्या मोहिमांनी जितकी रुजवली तितकी दुसऱ्या कोणी क्वचितच. पण त्या नजरेला एकच रोग दाखवला गेला. चट्टा बधिर नाही, म्हणजे कुष्ठ नाही, म्हणजे नोंद नाही. मग सगळं अंग लाल असलेला माणूस घरात गोधडी पांघरून पडलेला असला तरी तो रकान्यात बसत नाही. त्याच भेटीत आशाताईने आणखी दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे: अंगाचा अर्ध्याहून अधिक भाग लाल किंवा सोललेला आहे का, आणि त्यात ताप किंवा थंडी आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. तसंच बंदरावरही. शेव्याला केंद्र सरकारची पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आहे, समुद्रातून येणाऱ्या साथींवर तिची नजर असते, आणि ती असायलाच हवी. पण वर्षाला लाखो कंटेनर हाताळणाऱ्या या बंदरात राबणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या कातडीतून आत शिरणाऱ्या जंतूसाठी कुणाचं खातं आहे, हे विचारलं तर बोटं एकमेकांकडे दाखवली जातील.

पैशाची सबबही पुरेशी पटत नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली, आणि तिच्या ठरलेल्या तीस विशेष शाखांत त्वचारोगाची शाखाही होती. म्हणजे मोठ्या रुग्णालयात दाखल झाल्यावर कातडीच्या जीवघेण्या आजाराचा खर्च सरकार उचलू शकतं, हे तत्त्व दहाहून अधिक वर्षांपूर्वीच मान्य झालं. मान्य झालं नाही ते त्याच्या आधीचं टोक: दाखल होण्यापूर्वीचे पहिले काही तास, आणि त्यांतल्या त्या दोन बाटल्या. आणि दाखल झाल्यावरचं एक साधं पथ्यही. सलाईनची सुई सोललेल्या कातडीतून घालायची नाही, जमेल तिथे न बिघडलेली जागा शोधायची, आणि काम संपलं की ती त्याच दिवशी काढायची. जांघेत घातलेली सेंट्रल लाइन ‘राहू दे, लागेल पुन्हा’ म्हणून आठवडाभर ठेवली, तर बाहेरच्या स्टॅफसाठी आपणच खासगी जिना बांधून दिला असं होतं. हे शिकवायला कार्यशाळा नको, वॉर्डातल्या सिस्टरला अधिकार हवा की ती डॉक्टरला विचारू शकेल, ‘ही लाइन अजून कशाला?’

यावर कुणी म्हणेल, कल्चरच्या नादात औषधाला उशीर झाला तर? रास्त शंका आहे. रक्तदाब कोसळलेला असेल तर पहिल्या तासाच्या आत अँटिबायोटिक गेलंच पाहिजे, आणि तिथे रक्त काढायला शीर सापडत नसेल तर थांबायचं नाही. पण बहुतेक वेळा दोन जागांहून रक्त घ्यायला दहा मिनिटं लागतात. बाटली जवळ असेल तर कल्चर आणि औषध यांत निवड करावी लागत नाही. निवड करावी लागते ती बाटली नसते तेव्हा. खरी काळजी पुढच्या टप्प्याची आहे. स्टॅफ ऑरियस असेल तर कामोठ्यातलं यंत्र साधारण पहिल्या चोवीस तासांत खूण देतं. तोवर उरणचा रुग्ण कुठे असेल? तो गावातला कोळी किंवा शेतकरी असेल तर घरी. ट्रेलरवरचा असेल तर कदाचित माल भरून गुजरात ओलांडून गेलेला. कल्चरच्या फॉर्मवर त्याचा स्वतःचा आणि घरच्या कुणाचा मोबाइल नंबर हवा, नुसता कंत्राटदाराचा नको. आणि बाटली पॉझिटिव्ह आली की प्रयोगशाळेने रिपोर्टचा कागद निघायची वाट न पाहता त्याच क्षणी कोणाला फोन करायचा, रात्री दोन वाजता तो फोन उचलणारा माणूस कोण, हे आधी लिहून ठेवायला हवं.